नाडी आत जाऊ नये म्हणून

अण्णा, तुम्हाला जाऊन बावीस वर्षं झाली आणि एवढ्या काळात मी तुम्हाला एक ओळही लिहिली नाही. आज लिहायला बसले आहे ती काही तुमची आठवण दाटून आली म्हणून नव्हे. मला भीती वाटते आहे, आणि ती नेमकी कशाची ते तुम्हाला एकट्याला कळलं असतं. आज शुक्रवार, इथे कुवेतमध्ये सुट्टीचा दिवस. सकाळचे अकरा वाजत आले आहेत. मी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसले आहे, चहावर साय धरली आहे आणि फोन समोर उताणा पडला आहे. तुमची नात चौदा वर्षांची आहे. तुम्ही तिला पाहिलं नाहीत. ती शाळेच्या सहलीबरोबर जॉर्जियाच्या डोंगरात बर्फावर घसरायला गेली आहे, आणि आज तिचा बर्फावरचा पहिला दिवस आहे. तासाभरापूर्वी त्यांच्या बाईंनी पालकांच्या ग्रुपवर एक फोटो टाकला. दोरावरून वर जाणारी उघडी खुर्ची, तिच्यात तीन मुली, पायांना लांब पट्ट्या बांधलेल्या, खाली नुसती पांढरी दरी. मधली आमची. हसते आहे, हात हलवते आहे. आणि तिच्या जॅकेटच्या खालच्या काठाशी लाल-काळी नाडी लोंबते आहे, चांगली वीतभर, टोकाला गाठ मारलेली. ती गाठ मी मारली आहे.

फोटो मी बोटांनी मोठा केला, परत लहान केला, परत मोठा केला. मग पोळ्यांची कणीक तशीच परातीत टाकून मी बाईंना फोन लावला. लागला नाही. मेसेज लिहिला: जॅकेटची खालची नाडी कृपया ताबडतोब काढून टाका, कात्रीने कापा. त्याच्यापुढे अजून एकच टिक आहे, म्हणजे तो डोंगरावर पोचलेलाच नाही. मुलांचे फोन शाळेनं काढून घेतले आहेत, ते तिथल्या चार वाजता मिळायचे. नवरा बाहेरच्या खोलीत पेपर वाचतो आहे. त्याला फोटो दाखवला तर म्हणाला, "अगं, जॅकेटची नाडी आहे ती. परकराची असल्यासारखी काय घाबरतेस?" तो रिफायनरीत इंजिनिअर आहे, दोनशे अंशांच्या पाइपाजवळून रोज जातो आणि संध्याकाळी शांतपणे भेंडी निवडतो. त्याला काय सांगू? सांगायचं तर सगळंच सांगावं लागेल, आणि ते मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही.

आधी जॅकेटचं सांगते. एगैलाच्या मॉलमध्ये ते घेतलं. या देशात बर्फ पडत नाही, तरी ऑक्टोबर उजाडला की दुकानांच्या काचेत पुतळे फुगीर जॅकेटं घालून उभे राहतात आणि बाहेर गाडीच्या स्टिअरिंगला हात लावला तर भाजतो. तुम्ही पाहिलं असतं तर कमरेवर हात ठेवून हसला असता. पण घेतात लोक. थंडीत इथली कुटुंबं वाळवंटात तंबू ठोकून राहायला जातात, तेव्हा शेकोटीभोवती निम्मी माणसं हीच जॅकेटं घालून बसलेली असतात. मी स्वतः जाब्रियाच्या दवाखान्यात रक्त तपासते. लॅबमध्ये एसी इतका मारतात की मीही एप्रनवर बिनबाह्यांचं फुगीर जाकीट चढवते, रेघारेघांच्या शिवणीचं. तसलीच तुम्ही सातपूरच्या कारखान्यात कापायचात. ते बर्फावरच्या लोकांसाठी होतं आणि आता रक्ताच्या नळ्या हलवणाऱ्या बाईच्या अंगावर आलं. तुमची ती गोष्ट मला आठवते, सांगेन पुढे. तर दुकानात पोरीला बरोबर बसणारं जॅकेट मी बाजूला केलं आणि दोन माप मोठं काढलं. वाढत्या अंगाचं. ती आरशासमोर उभी राहून म्हणाली, "मॉम, इट्स ह्यूज! आय लुक लाइक अ गादी." मी म्हटलं, "पुढच्या वर्षी बरोबर येईल." ती म्हणाली, "बट देअर इज नो नेक्स्ट इयर. द ट्रिप इज ओन्ली फॉर अवर क्लास." मी ऐकलं नाही. आपल्या घरात कोणी कधी अंगाबरोबरचा कपडा घेतला आहे का? माझा शाळेचा पहिला गणवेश मला सातवीत नीट बसायला लागला आणि तेव्हा तो विटला होता.

घरी आणल्यावर लक्षात आलं की खालून वारा शिरणार. मग मी आईचा शिवणाचा डबा काढला, जॅकेटच्या काठाला आतून नेफा शिवला आणि नाडी ओवली. घरात दुसऱ्या नाड्या होत्या, पण ही मजबूत होती आणि शिवाय तुमच्या कारखान्यातली होती. लाल-काळी, गोल विणीची, अजून तेवढीच चकचकीत. ती कुठल्या लॉटमधली ते तुम्ही ओळखलं असेल. आईनं तेव्हा एखादी मागे ठेवली असावी, तिचा स्वभाव तुम्हाला ठाऊकच आहे. तिचा डबा माझ्याकडे आला तशी नाडीही आली. मी लेकीला सांगितलंसुद्धा, "ही तुझ्या आजोबांच्या हातची आहे. त्यांनी अशी हजारो जॅकेटं केली. त्यांना बर्फ कधी दिसला नाही, तुला दिसणार आहे." तिनं नाडीला बोट लावून पाहिलं आणि म्हणाली, "ओके, दॅट्स काइंड ऑफ कूल." मला इतकं बरं वाटलं! मग मी दोन्ही टोकं वीत-वीतभर बाहेर काढली आणि टोकांना गाठी मारल्या. का, ते तुम्हाला सांगायला नको. नाडी आत जाऊ नये म्हणून. लेंग्याची नाडी आत गेली की काय होतं ते ज्यानं शाळेच्या संडासात एकट्यानं भोगलं आहे, तो जन्मभर नाडी लांबच सोडतो. टूथब्रशच्या दांड्यानं, पेनच्या टोपणानं, सेफ्टी पिनेनं नाडी ओढून काढण्यात आपलं अर्धं आयुष्य गेलं, अण्णा. हे तिकडच्या लोकांना माहीत नाही. त्यांना नाडीच माहीत नाही, चेन आणि बटणं माहीत.

मला आता आपलं सातपूरचं स्वयंपाकघर दिसतं आहे. आई ओट्याशी भाकरी थापते आहे, तुम्ही पाटावर बसला आहात, आणि भिंतीवर आपल्या पंचांगाच्या कॅलेंडरशेजारी ते परदेशी कॅलेंडर आहे. जॅकेटं घेणाऱ्या गिऱ्हाईक कंपनीनं नव्या वर्षाला कारखान्यात पाठवलेलं. मालकाला नको होतं, कटिंग मास्तर म्हणून तुम्हाला मिळालं. बारा महिने, बारा चित्रं, बर्फावर खेळणारी माणसं कुठल्या काळी काय घालायची त्याची. तुम्ही महिना बदलला की आमची शिकवणी व्हायची. जानेवारीत घोट्यापर्यंत जाड लोकरी घागरा घातलेली एक बाई होती, हातात एकच लांब काठी. तुम्ही म्हणायचात, "बघ पोरी, ही घागरा घालून डोंगर उतरते आहे. त्याला बर्फ चिकटायचा, वितळायचा, ओल्या गोधडीएवढा जड व्हायचा. मग हिनं काय केलं? आतून दोऱ्या लावल्या आणि घागरा वर आवळून घेतला. म्हणजे नाडीच की! तिथंही नाडीच." तुम्हाला त्याचा केवढा आनंद व्हायचा. फेब्रुवारीत तीच बाई, किंवा तिची मुलगी म्हणा, घागऱ्याच्या आत चोळणा घालून. मार्चमध्ये घागरा गेला, पँट आली. तुम्ही म्हणायचात, "गावात बाई पँट घालून निघाली असती तर लोकांनी दगड मारले असते. बर्फावर घातली तर कोणी ब्र काढला नाही. मग ती पँट हळूच डोंगर उतरली आणि बाजारात आली." आई म्हणायची, "अहो, भाकरी गार होते आहे." पण तुम्ही जूनपर्यंत पोचलेले असायचात: तळपायाखाली पट्टा अडकवलेली ताणाची पँट, जिच्यावर सुरकुती म्हणून दिसत नव्हती. मग सप्टेंबरमध्ये पिसांचं फुगीर जॅकेट आणि डिसेंबरमध्ये रस्त्यावर चालणारी एक साधी मुलगी, दूरवर बर्फाचा पत्ता नाही, आणि तिच्या अंगावर तेच जॅकेट. "राजे-महाराजे काय घालतात ते बघून लोक कपडे शिवतात असं वाटतं ना तुला?" तुम्ही विचारायचात. "तसं नाही. जो पडायला घाबरतो ना, त्याच्यासाठी आधी शिवलं जातं. मग बाकीचे नक्कल करतात." मी तेव्हा अकरा वर्षांची होते. मला वाटायचं, माझ्या वडिलांना साऱ्या जगाची माहिती आहे.

त्याच वर्षी लहान मुलांच्या जॅकेटांचा लॉट आला. नमुन्याचं जॅकेट तुम्ही एक दिवस घरी आणलं होतंत आणि माझ्या अंगावर घालून पाहिलं होतंत. मी घामाघूम झाले तरी काढेना. त्याच्या खालच्या काठाला लाल-काळी नाडी होती, पण बाहेर जेमतेम दोन बोटं. तुम्ही ती ओढून पाहिलीत, सोडून पाहिलीत, ती सुळकन आत गेली. तुम्ही आईकडे बघून म्हणालात, "साहेब लोकांना अक्कल नाही. पोरगं एकदा ओढेल आणि नाडी आत. मग थंडीत कोण काढत बसणार?" दुसऱ्या दिवशी कारखान्यात तुम्ही टेबलावरच्या सगळ्यांना सांगितलंत की नाडी वीतभर बाहेर ठेवा आणि टोकाला गाठ मारा. नमुन्यात नव्हतं ते. कोणी विचारलं नाही, कारण तुम्ही मास्तर होतात आणि तुमचं म्हणणं तिथल्या प्रत्येकाला पटलं. आमच्यापैकी कोणालाही पटलंच असतं. मालकालाही बरं वाटलं. तुम्ही घरी येऊन सांगितलंत, "त्या पोरांना कळणारसुद्धा नाही कोणी त्यांची काळजी केली ते." हे वाक्य मला जसंच्या तसं आठवतं.

थांबा जरा, फोन वाजला. नाही, शेजारणीचा होता, उद्या जाब्रियाला जाताना तिला वाटेत सोडशील का म्हणून. मी काय उत्तर दिलं तेही आठवत नाही. टिक अजून एकच आहे. सव्वाबारा झाले. नवरा मघाशी आत डोकावून गेला, कणकेकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि स्वतःच पोळ्या लाटायला उभा राहिला. मन चिंती ते वैरी न चिंती, असं आई म्हणायची. मी काय काय चिंतलं ते लिहिणार नाही. फक्त ती खुर्ची वर पोचताना दिसते. मी गेल्या आठवड्यात कौतुकानं व्हिडिओ बघितले होते, म्हणून मला ठाऊक आहे: खुर्ची थांबत नाही. चालत्या खुर्चीतून उठायचं असतं आणि बाजूला सरकायचं असतं, तेवढ्यात ती वळसा घेऊन परत दरीवर जाते. खुर्चीच्या फळ्यांमध्ये फटी असतात. गाठ फटीतून खाली जाते, पण उलटी वर येत नाही.

तुम्हाला हे कसं कळलं तेही मला आठवतं. निम्मा लॉट गेलेला होता, निम्मा कारखान्यात होता, आणि तिकडून कागद आला. मॅनेजरनं इंग्रजीतला मजकूर हिंदीत सांगितला, तुम्ही तो घरी मराठीत सांगितलात, म्हणून मूळ काय होतं देव जाणे. एका मुलाची नाडी खुर्चीच्या फटीत अडकली, खुर्ची वळली, मूल लोंबकळत गेलं. सगळ्या जॅकेटांमधून नाड्या काढा, एकही ठेवू नका. एवढंच. मुलाचं काय झालं ते त्या कागदात नव्हतं. तुम्ही मॅनेजरला विचारलंत, तो म्हणाला, "तुझे क्या करना है, मास्तर? धागा निकाल." तुम्ही परत विचारलंत. पुढचे सहा महिने तुम्ही दर आठवड्याला विचारत होतात, आई सांगायची, आणि शेवटी त्यानं तुम्हाला त्या विषयावर तोंड उघडायची बंदी केली.

बायकांनी दोन दिवस बसून नाड्या उसवल्या. एवढी मजबूत नाडी फेकायची कोणाला? प्रत्येकीनं डब्याच्या पिशवीत मूठ-मूठ भरली, परकराला होतील म्हणून. तुम्ही संध्याकाळी फाटकावर उभे राहिलात आणि एकेकीच्या पिशवीतून त्या परत काढून घेतल्यात. जो माणूस कोणाला "अगं" म्हणून हाक मारत नव्हता, त्यानं बायकांच्या पिशव्यांत हात घातले. लोक वर्षभर त्यावर बोलले. रविवारी सकाळी तुम्ही ते पोतं घरी आणलंत आणि अंगणात बंब पेटवलात. आई म्हणाली, "अहो, कशाला जाळता? जन्मभर पुरतील." तेव्हा तुम्ही तिच्यावर ओरडलात. उभ्या आयुष्यात एकदाच. "एकही या घरात ठेवायची नाही! ऐकू येतं का? एकही नाही!" आई आत गेली ती दुपारपर्यंत बाहेर आली नाही. मग तुम्ही मला हाक मारलीत आणि मी पोत्यातून एकेक जुडी काढून तुमच्या हातात देत राहिले. त्याचा धूर काळा होता, वास आठवडाभर वाळत घातलेल्या कपड्यांना येत होता. आंघोळीचं पाणी त्या दिवशी कोणी घेतलं नाही. जुड्या टाकता टाकता तुम्ही माझ्याशी बोललात, की स्वतःशी, ते मला तेव्हा कळलं नाही. म्हणालात, "ते कॅलेंडर मी वर्षभर बघत होतो, तरी मला दिसलं नाही. घागरा गेला, पदर गेले, झालरी गेल्या. बर्फावर जे लोंबतं ते कधीतरी कशात तरी अडकतं, म्हणून त्यांनी लोंबणारं एकेक कापत आणलं. आणि मी शहाणा, परत लोंबवलं." दुसऱ्या दिवशी भिंतीवर कॅलेंडर नव्हतं, नुसता खिळा होता.

त्यानंतर तुम्ही घाबरट झालात. हे मी तुम्हाला तोंडावर कधी म्हटलं नसतं, पण आज म्हणते. मी सायकलवर बसले की तुम्ही माझी ओढणी मागे गाठ मारून आवळायचात, इतकी की श्वास अडकावा. गिरणीत जायचं तर बाह्या दुमडून जा. जत्रेतल्या पाळण्यात बसू देत नव्हतात. माझ्या मैत्रिणी हसायच्या आणि मी तुमचा राग राग करायची. माझं लग्न ठरलं तेव्हा तुम्ही शालूकडे न बघता आईला विचारलंत, "होमाजवळ पदर कोण धरणार?" मी शेवटची तुम्हाला दवाखान्यात भेटले तेव्हा तुम्ही मला काय विचारलंत? नातवंडांचं नाही, जावयाचं नाही. तुम्ही म्हणालात, "ते पोरगं आता तुझ्याएवढं असेल. असेल ना?" मी म्हटलं, "असेल, अण्णा." मला काय ठाऊक? मी नुसतं तुम्हाला बरं वाटावं म्हणून म्हटलं. जॅकेटात नाडी ओवताना मला तुमचे हात आठवले, तो कागद आठवलाच नाही. आणि आज मी तुमच्या जागी बसले आहे, फरक एवढाच की खुर्चीत माझंच पोरगं आहे.

सव्वा वाजला. दोन टिक झाल्या आहेत. पोचला मेसेज. निळ्या झालेल्या नाहीत. हे लिहिताना अक्षर वाकडं येतं आहे, तुम्हाला वाचता येणार नाही. मघाशी मी देवासमोर जाऊन उभी राहिले आणि मला एकही स्तोत्र पुरं आठवलं नाही. "पोरीला खाली आण," एवढंच म्हणत राहिले. नवऱ्यानं जेवायला वाढलं, मी ताटावर बसून उठले. आता तोही फोनकडे बघतो आहे. आता तोही परकराचं काही बोलत नाही.

अण्णा, फोन आला. बाईंच्या फोनवरून पोरगीच बोलली. ती हसत होती, मागे खूप गोंगाट होता. "मॉम, डोंट गेट मॅड, ओके?" म्हणाली. "आजोबांची स्ट्रिंग गेली. सॉरी." मी विचारलं, गेली म्हणजे काय. मग तिनं भराभर सांगितलं, निम्मं इंग्रजीत, निम्मं मला कळावं म्हणून मराठीत. तिसऱ्या फेरीला वर पोचल्यावर ती उठली आणि जॅकेट मागे ओढलं गेलं. तिला वाटलं मैत्रीण ओढते आहे. खुर्ची पुढे चालली, ती तिच्याबरोबर घसरत चालली, "लाइक फाइव्ह स्टेप्स, मॉम, नॉट इव्हन फाइव्ह," आणि खुर्चीपाशी उभा असलेला एक म्हातारा धावत आला. त्यानं बटण दाबलं, सगळा दोर थांबला, दरीवर लटकलेली सगळी माणसं थांबली. मग त्यानं खिशातून चाकू काढला आणि नाडी कापली. "ही वॉज सो अँग्री! त्यानं मला ओरडलं, बाईंना पण ओरडलं. मग त्यानं मला चहा दिला." ती म्हणाली, "मॉम? आर यू क्रायिंग? आय नो आजोबांची होती. हाफ मी ठेवली आहे पॉकेटमध्ये. आय विल ब्रिंग इट होम, ओके?" मी म्हटलं, "नको. तिथंच टाक. त्या आजोबांना दे, जाळायला सांग." ती म्हणाली, "व्हॉट?" आणि मग तिला कोणीतरी हाक मारली आणि फोन बंद झाला.

ती सुखरूप आहे. हे वाक्य मी मुद्दाम वेगळं लिहून बघते आहे. ती सुखरूप आहे, तिला लागलेलं नाही, ती चहा पिते आहे. नवरा म्हणतो, झालं ना आता, जेव. पण भीती गेली नाही, अण्णा, ती नुसती जागा बदलून बसली. पाच पावलं. तो म्हातारा त्या वेळी नाक शिंकरत असता तर? त्याचा चाकू दुसऱ्या कोटाच्या खिशात असता तर? आणि मग मला ते दुसरं मूल आठवतं. त्याच्याही खुर्चीपाशी कोणी उभं असेल. त्याच्याही खिशात चाकू असेल. हे तुम्हाला कधी कोणी म्हटलं नाही, मलाही सुचलं नाही. आज म्हणते आहे, तरी ते खरं आहे की नाही हे मलाही ठाऊक नाही.

हे पत्र कुठे जायचं नाही. तुमचा पत्ता नाही, आणि असता तरी मी हे पाठवलं नसतं, म्हणूनच एक गोष्ट लिहून टाकते. वर मी लिहिलं आहे की ती नाडी आईनं मागे ठेवली असावी. ते खोटं आहे. आई गेली, ती काही म्हणणार नाही, म्हणून तिच्या नावावर ढकललं. पोतं रिकामं झालं तेव्हा तुम्ही बंबाजवळून मान वर करून मला विचारलंत, "सगळ्या झाल्या का गं?" तुमचे डोळे धुरानं लाल झाले होते. मी म्हटलं, "हो अण्णा, सगळ्या." नव्हत्या झाल्या. एक मला फार आवडली होती, लाल-काळी, चकचकीत. ती तेव्हा माझ्या कंपासपेटीत होती.